पायाखालची कान्हेरी

लेणी पाहावयास गेलेला माणूस वर पाहतो किंवा समोर पाहतो. कान्हेरीच्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात, म्हणजे मोठ्या चैत्यगृहात, शिरताना तर व्हरांड्याच्या दोन्ही टोकांना उभ्या असलेल्या प्रचंड बुद्धमूर्तींकडे मान वर करून पाहावेच लागते. आत गेले की खांबांच्या दोन रांगा, त्यांच्या शेवटी स्तूप. पुढे एकेचाळिसाव्या लेण्यात अकरा मुखांचा अवलोकितेश्वर आहे, तोही भिंतीवर. आपली पाठ्यपुस्तके लिहिणारेही बहुधा असेच पाहत गेले असावेत, कारण पुस्तकांतून आपल्याला मूर्ती मिळतात, खांब मिळतात, राजांची नावे मिळतात. प्रस्तुत लेखात यांपैकी कशाचेही वर्णन नाही. मला लिहावयाचे आहे ते कान्हेरीच्या जमिनीविषयी : जिच्यावर भिक्षू चालले, बसले, जेवले, झोपले आणि जिच्यावर पावसाचे पाणी येऊ नये म्हणून त्यांनी केवढातरी उपद्व्याप केला, त्या जमिनीविषयी.

गेल्या पावसाळ्यात आमच्या इतिहास विभागातील आम्ही अकरा विद्यार्थी सरांबरोबर काही रविवार बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात जात होतो. आम्हांला कोणी पुरातत्त्वज्ञ म्हणू नये. आम्ही स्वयंसेवक होतो. आमच्याजवळ कापडी टेप, होकायंत्र, आलेखाचा कागद, शिसपेन्सिली आणि छत्र्या एवढेच साहित्य होते. सरांचे नियम तीन : काही उकरायचे नाही, काही घासायचे नाही, आणि जे दिसते ते आधी लिहायचे, ते काय असावे हे नंतर. या तिसऱ्या नियमाचा सर्वांत अधिक जाच झाला. समोर खड्डा दिसला की ‘खांबाचा खड्डा’ असे लिहावेसे वाटते. सर ते खोडून ‘गोल खड्डा’ एवढेच ठेवीत.

जमिनीकडे पाहण्याची ही कल्पना सरांनी वर्गात प्रथम मांडली ती इंग्लंडातील उदाहरणावरून. चेशायर परगण्यात रंकॉर्न गावाजवळ नॉर्टन प्रायरी नावाचा ख्रिस्ती मठ होता. १११५ साली स्थापन झालेला हा मठ १५३६ मध्ये, आठव्या हेन्रीने मठ बंद केले त्या वेळी, मोडला. १९७१ पासून पॅट्रिक ग्रीन यांच्या देखरेखीखाली तेथे उत्खनन झाले आणि चौदाव्या शतकाच्या आरंभीची, भाजलेल्या मातीच्या फरशांची मोठी जमीन उघडी पडली. या फरशा धुणे, त्यांचे तुकडे जुळवणे, त्यांवरील नक्षी कागदावर उतरवणे अशी कामे अशा ठिकाणी स्वयंसेवक करतात. नॉर्टनला तर जुन्या भट्टीसारखी भट्टी बांधून तशा फरशा भाजूनही पाहिल्या.

या फरशांतून काय कळते? मध्ययुगीन युरोपात लाल मातीची ओली फरशी घेऊन तिच्यावर लाकडी ठसा दाबीत, उमटलेल्या खोलगट नक्षीत पांढरी माती भरीत आणि वरून शिशाची झिलई देऊन ती भाजीत. ठसा जुना झाला की त्याला चीर जाई आणि ती चीर पुढच्या प्रत्येक फरशीवर उमटे. मग दोन दूरच्या मठांत एकाच चिरेची नक्षी सापडली, की एकच ठसा दोन्हीकडे गेला होता हे उघड होते. तसेच जिथे फरशी अधिक झिजली तिथून वहिवाट होती. वेदीजवळ नक्षीची फरशी, कामाच्या खोल्यांत साधी, यावरून कोणत्या जागेला किती मान होता तेही समजते. म्हणजे ज्या लोकांनी स्वतःविषयी एक ओळही लिहून ठेवली नाही त्यांचे पाय त्या फरशीवर लिहून गेले आहेत.

हे ऐकून आमच्यातील एकाने विचारले, ‘सर, आपल्याकडे अशा फरशा कुठे आहेत?’ सर म्हणाले, ‘आपल्याकडे आख्खा डोंगरच फरशी आहे.’

कान्हेरीला वेगळी फरशी बसवण्याचा प्रश्नच नव्हता. लेणे वरून खाली कोरीत आणतात, त्यामुळे छत आधी होते आणि जमीन सर्वांत शेवटी. जिथे छिन्नी थांबली ती जमीन. शंभरावर लेणी अशा रीतीने सुमारे हजार वर्षांच्या काळात कोरली गेली आणि वापरली गेली. येथील दगड ज्वालामुखीतून आलेला असला तरी तो एकसंध काळा पाषाण नव्हे. त्यात खडे-गोटे मिसळलेले आहेत, त्यामुळे तो सारखा गुळगुळीत होत नाही आणि त्याचे पापुद्रे सुटतात. अनवाणी चालून पाहिले तर हे लगेच समजते.

मग भिक्षू अशा खडबडीत दगडावरच राहत होते काय? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला विनयपिटकातील एक प्रकरण वाचावयास मिळाले आणि माझा सर्वांत मोठा आनंद तोच. चुल्लवग्गात भिक्षूंच्या निवासाविषयीचे नियम सांगणारा भाग आहे, त्याला सेनासन खंधक म्हणतात. त्यात जमिनीविषयी इतका बारकाईने विचार केलेला आहे की एखाद्या गृहिणीने लिहिला असावा असे वाटते. इतर पंथांच्या साधूंच्या घरांची भिंत गेरूने रंगवलेली असते आणि जमीन काळी केलेली असते, ती पाहून लोक तिकडे जातात, तेव्हा आपल्याही भिक्षूंना तसे करण्याची मुभा द्यावी, असा तेथे प्रसंग आहे. पुढे या तयार केलेल्या जमिनीचे रक्षण येते. न धुतलेल्या पायांनी आत यायचे नाही. ओल्या पायांनी यायचे नाही. पादत्राण घालून यायचे नाही. अशा जमिनीवर थुंकायचे नाही, त्यासाठी भांडे ठेवावे. खाटेच्या पायांनी जमिनीवर ओरखडे उठतात म्हणून त्या पायांना फडके गुंडाळावे.

खाटेच्या पायांना फडके! हे वाचल्यावर कान्हेरीच्या कोठड्या माझ्या दृष्टीने एकदम बदलल्या. आज आपण जी उघडी खरबरीत शिळा पाहतो ती त्यांची जमीन नव्हेच. ती जमिनीचा गाभा आहे. तिच्यावर लिंपण होते, ते शतकांच्या पावसाने आणि पायांनी निघून गेले. छतावर आणि भिंतींवर काही ठिकाणी गिलाव्याचे अवशेष शिल्लक आहेत, कारण तेथे कोणी चालत नाही. (थुंकण्याविषयीचा नियम आज प्रवेशद्वारावर लावावा, अशी सूचना आमच्या वर्गातील एका विद्यार्थिनीने केली. ती येथे केवळ नोंदवते.)

जमिनीसंबंधीचा दुसरा पुरावा भिंतींवरच आहे, पण तो जमिनीकडे बोट दाखवतो. कान्हेरीच्या प्राकृत लेखांत दान म्हणून काय काय दिले आहे याची यादी केली तर मूर्ती त्यात फार मागे पडतात. लोकांनी लेणे दिले, पाण्याची टाकी दिली, बसावयाच्या पेढ्या दिल्या, वाटा दिल्या. कल्याणचा सामिदत्त नावाचा सोनार पाण्याची पोढी देतो. लेखात शब्द आहे ‘पाणियपोढि’. कल्याणचाच नंद नावाचा एक लोहार वाट देतो. राजाने गाव दिल्याचे आपण पुष्कळ वाचतो. लोहाराने डोंगरातली वाट दिल्याचे क्वचितच वाचतो. चढताना ज्या कोरीव पायऱ्यांवर आपण पाय ठेवतो, त्यांतली नंदाची कोणती हे सांगता येणार नाही, परंतु प्रत्येक पायरीवर मला त्याची आठवण होते. बसण्याच्या बाकाला या लेखांत ‘आसनपेढिका’ म्हटले आहे. आपली ‘पेढी’, सराफाची किंवा सावकाराची, त्याच घराण्यातली. व्यापारी पेढीवर बसून धंदा करीत आणि भिक्षूंना पेढीच दान देत, हा योगायोग मला फार आवडतो.

आता पावसाकडे येते, कारण माझ्या मते कान्हेरीच्या जमिनीचा खरा विषय पाऊस हाच आहे.

बौद्ध भिक्षूंनी वर्षाकाळात फिरू नये, एका ठिकाणी राहावे, असा नियम आहे. त्याला वर्षावास म्हणतात. विहारांची सुरुवात या वर्षावासातून झाली हे आपण प्रथम वर्षातच शिकतो. पण उत्तर हिंदुस्थानातला पाऊस वेगळा आणि साष्टीतला वेगळा. येथे जून ते सप्टेंबर समुद्रावरून तिरपा मारा येतो. वर छत आहे एवढ्याने येथे घर कोरडे राहत नाही. पाणी समोरून येते, डोंगराच्या अंगावरून ओघळत येते, आणि जमिनीतून ओल चढते. ज्याने लेणे कोरले त्याला या तिन्हींचा बंदोबस्त जमिनीतच करावा लागला.

हे मी पुस्तकावरून लिहीत नाही. आम्ही मुद्दाम पावसात गेलो होतो. जमिनीचा उतार मोजावयास एरवी पाणसळ लागते. जुलैत ती लागत नाही, पाणी स्वतःच उतार दाखवते. व्हरांड्यात उभे राहून आम्ही पाण्याची धार कोठून सुटते, कोठे वळते, कोठे थांबते ते कागदावर बाणांनी काढीत असू. उन्हाळ्यात जी नुसती ओबडधोबड रेघ वाटते ती पावसात चर होते आणि वाहू लागते. कपाळपट्टीवरून पागोळ्या पडतात त्याच्या बरोबर खाली अंगणात चर कोरलेला असतो. तो चर बाजूला जातो आणि पुष्कळदा एखाद्या टाक्याच्या तोंडाशी पोचतो. दारापुढची पायरी ही केवळ चढण्यासाठी नाही, ती अंगणातले पाणी आत येऊ देत नाही. टाक्याच्या तोंडाभोवती दगडात खाच ठेवलेली दिसते. तिथे झाकण बसवता येते. म्हणजे जे पाणी घरात येऊ नये त्यालाच धरून, वळवून, आठ महिने पुरावे म्हणून साठवले आहे. लेण्यांच्या मधल्या ओढ्यावर बांध घातल्याच्या खुणाही आहेत. हे सगळे काम ज्याने आखले त्याच्या नावाचा लेख नाही. बहुधा त्याला लेखापेक्षा उतार महत्त्वाचा वाटला असावा.

पाण्याच्या टाक्यावरून काळाचाही अंदाज करता येतो, हे मला नव्याने समजले. विलेपार्ल्याच्या साठ्ये महाविद्यालयातील डॉ. सूरज पंडित आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी याच राष्ट्रीय उद्यानात, कान्हेरीच्या परिसरात, पूर्वी नोंद नसलेली सात लेणी शोधून काढली. २०१७ साली ती बातमी वर्तमानपत्रांतून आली होती. ही लेणी अगदी साधी, बहुतेक एकेका भिक्षूच्या वस्तीची, आणि त्यांच्याजवळ पाण्याची टाकी नाहीत. टाकी नाहीत याचा अर्थ त्या अभ्यासकांनी असा लावला की ती कान्हेरीच्या प्रगत लेण्यांहून जुनी असावीत आणि भिक्षू तेथे पावसाळ्यातच राहत असावेत. पावसाळ्यात पाणी साठवावयाची गरज काय? दारात हात पुढे केला की पाणी. जो बारा महिने राहणार तोच टाके खोदील. एका खड्ड्याच्या असण्या-नसण्यावरून, पाहुणा कोण आणि रहिवासी कोण हे ठरते! मला हा युक्तिवाद कोणत्याही मूर्तीच्या वर्णनाहून अधिक सुंदर वाटतो. आणि तो मांडताना विद्यार्थी डोंगरात फिरत होते, ही गोष्ट आमच्यासारख्यांना धीर देणारी आहे.

साष्टीत असे काम यापूर्वीही झाले आहे. मुंबई विद्यापीठाच्या बहिःशाल शिक्षण विभागाच्या पुरातत्त्व केंद्राने २०१५ नंतरच्या काही वर्षांत मुंबईच्या उपनगरांतील गावठाणे, पाडे, देवळांची आवारे पायी फिरून पाहिली. जाणारांत विद्यार्थी तर होतेच, इतर हौशी लोकही होते. इमारतींच्या मध्ये अडकलेले वीरगळ, गद्धेगळ, जुन्या देवळांचे दगड यांची त्यांनी नोंद केली. यांत कोणतीही गोष्ट जंगलात दडलेली नव्हती. लोक तिला रोज शेंदूर लावीत होते, तिच्यावर कपडे वाळत घालीत होते. फक्त ती लिहिलेली नव्हती.

आता आमच्या वहीतील एका प्रकरणाविषयी थोडे सविस्तर लिहिते. काही लेण्यांच्या अंगणात आणि पायऱ्यांच्या बाजूला जमिनीत खड्डे आहेत, काही गोल, काही चौकोनी. दर्शनी भिंतीवरही वरच्या बाजूला खोबणी दिसतात. पुस्तकांत यांविषयी बहुधा एक वाक्य असते : लाकडी मंडपाच्या खांबांसाठी. आमच्या गटाकडे हे खड्डे मोजण्याचे काम होते. मी एका अंगणाचा नकाशा काढून तो पक्का करण्यासाठी घरी आणला होता. आमचे घर खारदांड्याला. माझे बाबा होडीवर जातात. पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा होड्या वर ओढून शाकारतात, त्या कामात त्यांचा हात चांगला आहे. त्यांनी नकाशा उलटासुलटा करून पाहिला. कोणता लेख, कोणता राजा असले त्यांनी काही विचारले नाही. विचारले ते एवढेच, ‘याचं तोंड कुठं आहे?’

मी म्हटले, ‘तोंड म्हणजे?’

‘अगं, पाऊस कुठून मारतो ते बघायला नको? दर्याकडून मारत असेल तर मंडप कशाला बांधतील? झड अडवायला पुढं उतरतं छप्पर लागतं. वरची भोकं आणि खालची भोकं एका रेषेत आहेत का? नसतील तर वासा तिरपा होता.’

मी दुसऱ्या रविवारी सरांना हे सांगितले. सर थोडा वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी सर्वांच्या वह्यांत दोन रकाने वाढवावयास सांगितले : एक, लेण्याचे तोंड कोणत्या दिशेला, आणि दुसरा, वरची खोबण व खालचा खड्डा यांतील आडवे अंतर. होकायंत्र तोवर पिशवीतच होते, ते त्या दिवसापासून बाहेर आले. ‘मंडप’ या शब्दाने उत्सवाचे चित्र डोळ्यांपुढे येते : तोरण, पताका, जमलेले उपासक. ‘पडवी’ म्हटले की ओले चीवर वाळत घातलेला भिक्षू दिसतो. खड्डा तोच आहे. तो मंडपाचा की पडवीचा, हे खड्ड्याच्या कलण्यावरून आणि दिशेवरून ठरवावे लागेल, आणि एकाच डोंगरातील दोन लेण्यांत उत्तर वेगळे असू शकेल. ज्या अंगणांत आम्ही हे पाहिले तेथे दोन्ही प्रकारची उदाहरणे आहेत असे माझे मत झाले आहे. सरांचे मत आहे की रकाने आधी भरा, मत मागून द्या.

अकराव्या क्रमांकाच्या लेण्याविषयी लिहिल्यावाचून जमिनीचा विषय पुरा होणार नाही. त्याला लोक दरबार म्हणतात. रुंद दालन, मागे गाभाऱ्यात बुद्धमूर्ती, आणि दालनाच्या मधोमध लांबीच्या दिशेने जमिनीतूनच कोरून काढलेल्या दोन बुटक्या लांब पट्ट्या. अशीच रचना वेरूळच्या पाचव्या लेण्यात आहे. ही भोजनशाळा असावी किंवा अध्ययनाची, पठणाची जागा असावी, असे म्हणतात. या पट्ट्यांवर आपण बसून पाहिले तर गुडघे वर येतात, म्हणजे बाक म्हणून त्या फारच बुटक्या. पण त्यांच्या कडेला जमिनीवर मांडी घालून बसले, तर तीच पट्टी हाताशी येते आणि तिच्यावर ताट ठेवा नाहीतर पोथी ठेवा, दोन्ही सोयीचे. दोन पट्ट्यांमधून वाढप्यासारखा एक माणूस सहज जाऊ शकतो. मला तर ती सरळ पंगत वाटली. माझ्या मैत्रिणीला वर्ग वाटला. एकाच जागी सकाळी पंगत आणि दुपारी वर्ग भरत नसेल कशावरून? आमच्या वस्तीतील समाजमंदिरात भरतोच.

पोथीचा उल्लेख केला तो उगाच नव्हे. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळातले, नवव्या शतकातले काही लेख कान्हेरीला आहेत. त्या वेळी कोकणात शिलाहार त्याचे मांडलिक होते. शक ७६५, म्हणजे इ. स. ८४३च्या सुमाराच्या लेखात दानाचा वापर कसा करावा हे सांगताना पूजा, दुरुस्ती, चीवरे आणि पुस्तके यांचा वेगवेगळा उल्लेख येतो. शक ७७५च्या लेखात गौड देशाहून, म्हणजे बंगालकडून, आलेला अविघ्नाकर नावाचा उपासक ध्यानासाठी खोल्या आणि भिक्षूंची वस्त्रे यांकरिता शंभर द्रम्म ठेवतो. दुरुस्तीसाठी निराळी रक्कम ठेवावी लागते, म्हणजे लेणे झिजत होते आणि झिजते आहे हे त्यांना माहीत होते. दगड कायमचा असतो ही समजूत आपली, त्यांची नव्हे.

विटांविषयी दोन शब्द. सबंध कान्हेरीत नॉर्टनच्या फरशीच्या सर्वांत जवळ जाणारी वस्तू म्हणजे तेथील वीट. एका लांब कपारीखाली दिवंगत भिक्षूंचे स्मारक-स्तूप ओळीने बांधलेले होते. त्यांची विटांची जोती अजून दिसतात. या स्तूपांशी संबंधित लहान लेख पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या डॉ. शोभना गोखले यांनी वाचले. कान्हेरीच्या लेखांवरील त्यांचा ग्रंथ १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या आधी एकोणिसाव्या शतकात रेल्वेचे अभियंता एडवर्ड वेस्ट यांनी या डोंगरातील लेखांच्या नकला करून प्रसिद्ध केल्या होत्या आणि १८५३ मध्ये एका लेण्याच्या जमिनीवर साचलेल्या मातीत त्यांना मातीच्या मुद्रांचे ठसे सापडले होते. जमिनीवरची माती म्हणजे कचरा नव्हे, एवढे तरी यावरून ध्यानात यावे. कपारीतल्या विटेवर पाय ठेवला की कोपरा सुटतो. पाय ठेवणाऱ्याला ती वीट वाटते, कोणा थेराचे स्मारक वाटत नाही. आम्ही तेथे फक्त बाहेरून नकाशा काढला.

शेवटी एक जागा कान्हेरीच्या बाहेरची, पण कान्हेरीचीच. येथील एका लेखात मंगलठाण नावाच्या गावातील शेताचे दान नोंदलेले आहे. हे मंगलठाण म्हणजे बोरिवलीचे मागाठाणे, असे अभ्यासक मानतात. म्हणजे त्या शेतात पिकत होते त्यावर या डोंगरातला विहार चालत होता. मागाठाण्यालाही लेणी आहेत, बौद्ध लेणीच. पण ती डोंगरावर नाहीत, सखल भागात आहेत आणि आज त्यांच्या चारी बाजूंनी घरे आहेत. दगड ठिसूळ, पाणी भोवती साचते, आणि कोरीव काम ओळखू येण्याच्या पलीकडे झिजत चालले आहे. कान्हेरीला तिकीट आहे, पहारा आहे, पर्यटक आहेत. मागाठाण्याला आम्ही गेलो तेव्हा आम्ही अकराच होतो.

तेथे जाऊन आलेल्या आमच्यापैकी काहींनी ‘झोपड्यांनी लेणी गिळली’ असे वहीत लिहिले. मला ते वाक्य मान्य नाही, आणि केवळ भावनेपोटी नव्हे. तिसरा नियम लावला तर ते वाक्य खोडावेच लागेल, कारण ते निरीक्षण नाही. निरीक्षण असे आहे की घरे लेण्याला लागून आहेत, घरांचे सांडपाणी अमुक बाजूने येते, आणि पावसाळ्यात लेण्यातली जमीन पाण्याखाली जाते. तेथील एका घरातल्या आजींनी आम्हांला, आपण लग्न होऊन आलो तेव्हा कोठवर कोरीव काम दिसत होते, ते हात करून दाखवले. तो हात आम्ही नकाशावर तुटक रेघेने काढला आहे. कान्हेरीला हजार वर्षांच्या वापराची झीज आम्ही मोजत होतो. येथे एका आयुष्यातली झीज सांगणारा साक्षीदार भेटला. अशी माणसे त्या वस्तीत आणखी असतील आणि त्यांना विचारणे हे खड्डे मोजण्याइतकेच तातडीचे आहे. तेथील जमीन भरली तर मंगलठाणच्या शेताचे नाव भिंतीवर राहील आणि खाली दाखवावयास काही उरणार नाही.

काम अपुरे आहे. मोठ्या चैत्यगृहाच्या आसपासची आणि ओढ्याच्या या बाजूची काही लेणी आमच्या वहीत आली आहेत. वरच्या रांगा राहिल्या आहेत. तेथे पश्चिमेकडे तोंड असलेली लेणी आधी घ्यावीत, म्हणजे खड्ड्यांचा प्रश्न लवकर सुटेल. वह्या आणि नकाशे इतिहास विभागाच्या कपाटात दुसऱ्या खणात आहेत, किल्ली सरांकडे आहे. येत्या जूनमध्ये ज्यांना यावयाचे असेल त्यांनी आपली नावे मेअखेर द्यावीत. उद्यान सोमवारी बंद असते. पायांत घसरणार नाही असे काही घालावे, परंतु कोठडीत शिरण्यापूर्वी ते बाहेर काढावे.